घरचा आहेर

एखाद्या मंत्र्याच्या किंवा आमदाराच्या आप्ताने त्याच्या कारभाराविरुद्ध तोंड उघडले, की दुसऱ्या दिवशी मराठी वृत्तपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : 'घरचा आहेर'. मथळा देणाऱ्याच्या मनात त्या आप्ताविषयी आदर असतोच असे नाही. असते ती बहुधा गंमत. घरातले भांडण चव्हाट्यावर आले, आता चार दिवस मौज पाहावी, एवढाच त्या शब्दांचा रोख. वाचकही तो मथळा त्याच भावनेने वाचतात आणि चहाबरोबर संपवितात. मतभेद कोणत्या निर्णयाविषयी होता, त्यातला आकडा कोणता, कागद कोणता, याची चौकशी करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. चौकशी होते ती बोलणाऱ्याची. हा कोणत्या पक्षाचा? याला तिकीट हवे होते काय? वाटणीवरून काही बिनसले होते काय? आणि यांपैकी काहीच हाती लागले नाही, तर एक शिक्का सदैव तयार असतो : हा देशाचा शत्रू आहे.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की या शब्दप्रयोगातला उपहास काढून टाकावा आणि त्याचा सरळ अर्थ घ्यावा. सत्तेवर बसलेल्या माणसाला त्याच्या आप्ताने उघडपणे दिलेला नकार हा त्याला मिळू शकणारा अत्यंत मोलाचा आहेर होय. आणि असा आहेर देणाऱ्यावर देशभक्तीच्या नावाने शिक्का मारणारा मनुष्य सेवा करतो ती खुर्चीची. हे विधान कित्येकांना उद्धट वाटेल. म्हणून दाखले देतो. ते सारे सार्वजनिक इतिहासातले आहेत आणि या पृष्ठांच्या वाचकांना ते तुकड्यातुकड्यांनी ठाऊकही असतील. ते एका ओळीत मांडून कोणी पाहत नाही, एवढेच.

प्रथम शब्दांचा हिशेब करू. आपल्या भाषेत 'राजद्रोह' आणि 'देशद्रोह' असे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला भेद आपल्या आजोबांना पक्का ठाऊक होता. लोकमान्य टिळकांना १८९७ साली दीड वर्षाची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली ती राजद्रोहाच्या कलमाखाली. त्या काळच्या कोणाही मराठी माणसाला टिळक राजद्रोही आहेत हे सांगितले असते तर त्याने अभिमानाने मान डोलावली असती. टिळक देशद्रोही आहेत असे म्हणणाऱ्याला मात्र त्याने वेड्यात काढले असते. राजा निराळा आणि देश निराळा, ही जाणीव त्या दोन शब्दांनी आपल्याला फुकट दिली होती. स्वातंत्र्यानंतर राजा गेला. मग राजद्रोह कोणाचा करावयाचा? या अडचणीतून वाट काढताना आपण हळूहळू 'राज' हा शब्द पुसून तेथे 'देश' लिहावयास लागलो. आज वृत्तपत्रांतून, सभांतून आणि दुर्दैवाने काही सुशिक्षितांच्या बैठकीतूनही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. शब्दांची ही अदलाबदल निरुपद्रवी नाही. सरकारशी मतभेद म्हणजे देशाशी वैर, हे समीकरण त्या अदलाबदलीत दडलेले आहे.

कायद्याचा इतिहासही याच वाटेने गेला. राजद्रोहाचे १२४ अ हे कलम इंग्रजांनी दंडसंहितेत १८७० साली घातले. १९५१ साली पंतप्रधान नेहरूंनी संसदेत हे कलम आपणांस अत्यंत आक्षेपार्ह वाटते आणि ते जितक्या लवकर जाईल तितके बरे, अशा आशयाचे उद्गार काढले. परंतु कलम गेले नाही. १९६२ साली केदारनाथ सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तेवढ्यापुरतेच. सरकारवरील कठोर टीका म्हणजे राजद्रोह नव्हे, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हा गुन्हा दखलपात्र केला, म्हणजे वॉरंटावाचून अटक करता येऊ लागली. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा वापर स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता अंमलात आली आणि राजद्रोह हा शब्द जाऊन देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणण्यासंबंधीचे १५२ वे कलम आले. चालू धोरणावर अभिप्राय देण्याची मला सेवानियमांनी मुभा नाही. म्हणून ही केवळ नोंद करतो आणि इतिहासाकडे वळतो.

इतिहासातले ठळक उदाहरण एका जावयाचे आहे. फिरोज गांधी हे नेहरूंचे जावई, काँग्रेसचेच खासदार, रायबरेलीहून १९५२ आणि १९५७ असे दोनदा निवडून आलेले. डिसेंबर १९५५ मध्ये त्यांनी लोकसभेत एका बड्या उद्योगपतीच्या विमा कंपनीतील गैरकारभार आकडेवारीनिशी उघड केला. विमाधारकांचा पैसा मालकाच्या इतर उद्योगांत कसा वळविला जातो, हे त्या भाषणाने देशाला कळले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९५६ मध्ये, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. दरम्यान मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला होता आणि त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले होते.

येथवर सरकार आणि जावई एकाच बाजूला होते. खरी कसोटी पुढे लागली. जून १९५७ मध्ये या नव्या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. महामंडळाची गुंतवणूक समिती होती. तिला विचारण्यात आले नाही. कंपन्यांची स्थिती कशी होती हे बाजाराला ठाऊक होते. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले आणि आपल्याच पक्षाच्या सरकारला, आपल्या सासऱ्यांच्या मंत्रिमंडळाला, त्यांनी तारखा आणि रकमा विचारल्या. त्या भाषणात क्रांतीची घोषणा नव्हती, कोणाच्या देशभक्तीविषयी शंका नव्हती. लाखो सामान्य विमाधारकांच्या हप्त्यांतून जमलेला पैसा कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या भावाने आणि कोणाच्या सोयीसाठी खर्चिला गेला, एवढाच प्रश्न होता.

त्या वेळी शिक्क्यांची काही टंचाई नव्हती. समाजवादी अर्थव्यवस्थेचा शत्रू, राष्ट्रीयीकरण बदनाम करणारा, विरोधकांच्या हातचे बाहुले, घरभेदी : यांतला कोणताही शिक्का सहज मारता आला असता. परंतु शिक्का मारून सव्वा कोटीचा हिशेब लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांची एकसदस्य चौकशी नेमावी लागली. छागलांनी जानेवारी १९५८ मध्ये मुंबईत उघड सुनावणी घेतली. सनदी सेवेतले वित्तसचिव, महामंडळाचे अध्यक्ष, खुद्द अर्थमंत्री लोकांसमोर साक्षीला आले. लोकांनी गर्दी केली ती इतकी, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. १० फेब्रुवारीला अहवाल आला. त्याच महिन्यात अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला.

आपल्यासारख्या सरकारी नोकरांनी त्या अहवालातील एक तत्त्व विसरता कामा नये. सचिवाने आपल्याला न विचारता केले, हा मंत्र्यांचा बचाव छागलांनी मानला नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असे त्यांनी बजावले. खालच्या माणसावर ढकलून वरच्याने हात झटकावे, ही आपल्या कचेऱ्यांत मुरलेली सवय आहे. तिच्याविरुद्ध स्वतंत्र भारतात इतक्या उघडपणे उच्चारलेला हा पहिल्या काही निवाड्यांपैकी एक होय. आणि तो कारकुनाला, सेक्शन ऑफिसरला, अवर सचिवाला मिळाला तो एका जावयाने सासऱ्यांना न आवडणारा प्रश्न विचारला म्हणून.

नेहरूंच्या बाजूनेही दोन शब्द न्यायाने लिहिले पाहिजेत. त्यांना हा प्रकार रुचला नव्हता. राजीनामा त्यांनी खेदानेच स्वीकारला, आणि कृष्णम्माचारी १९६२ साली पुन्हा मंत्रिमंडळात आले. तरीही त्यांनी जावयाची जागा काढून घेतली नाही, की त्याला राष्ट्रविरोधी ठरविले नाही. रागावण्याचा हक्क सत्ताधाऱ्यालाही असतोच. त्या रागाला देशाचे नाव न देण्याइतका संयम त्याच्याकडे असावा, एवढीच अपेक्षा.

त्याच फिरोज गांधींच्या नावाशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे आणि ती अधिक कडू आहे. संसदेत जे बोलले गेले ते वृत्तपत्राने प्रामाणिकपणे छापले तर त्यावर खटला होऊ नये, असा कायदा त्यांच्या खाजगी विधेयकातून १९५६ साली झाला. १९५९ साली केरळातील कम्युनिस्ट मंत्रिमंडळ बडतर्फ झाले तेव्हा काँग्रेसच्या अध्यक्षपदी त्यांच्या पत्नी होत्या. फिरोज गांधींना ती बडतर्फी मान्य नव्हती आणि त्यांनी ते लपविले नाही. पुढच्या वर्षी, ८ सप्टेंबर १९६० रोजी, ते वारले. आणीबाणीत, १९७६ साली, त्यांच्या पत्नीच्या सरकारने तो कायदा रद्द केला. १९७७ साली नव्या सरकारने तो पुन्हा आणला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्यातील संरक्षण घटनेतच घातले. नवऱ्याने दिलेला आहेर बायकोने परत केला आणि विरोधकांनी तो जपून ठेवला, असे हे प्रकरण आहे. यावरून कोणत्या पक्षाची स्तुती करावयाची नाही. सत्ता हाती असताना घरच्या माणसाने केलेली सोय किती अडचणीची वाटते, एवढेच पाहावयाचे आहे.

कृपलानी दांपत्याचा दाखला थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या पत्नी सुचेता काँग्रेसतर्फे उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. देशातील पहिल्या स्त्री मुख्यमंत्री. एक सरकार पाडावयास उठलेला, दुसरी त्याच पक्षाचे सरकार चालवीत असलेली. दोघेही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले. यांत देशभक्त कोण आणि देशद्रोही कोण, हे ठरवून देणारा कोणी शिक्केबहाद्दर असेल तर त्याने पुढे यावे.

आता आत्या आणि भाचीचे उदाहरण घेऊ, कारण त्याचा एक धागा आपल्या मराठी घरापर्यंत येतो. विजयालक्ष्मी पंडित या नेहरूंच्या भगिनी. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले, 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार. तुरुंगवासाने प्रकृती खालावून ते १९४४ साली वारले. विजयाबाईंनी राजदूतपदे भूषविली, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्षपद १९५३ साली मिळविले, आणि १९६८ साली लोकसभेचा राजीनामा देऊन त्या डेहराडूनला जाऊन राहिल्या. आणीबाणी आली. पंतप्रधान त्यांची भाची होती. वय झालेले, मान मिळालेला, मागण्यासारखे काही उरलेले नाही, अशा वेळी गप्प बसणे किती सोपे होते! १९७७ च्या निवडणुकीत ही आत्या विश्रांती सोडून बाहेर पडली आणि भाचीच्या राजवटीविरुद्ध सभांतून बोलली.

त्यांची कन्या नयनतारा सहगल यांनीही आपल्या मामेबहिणीच्या आणीबाणीला लेखणीने विरोध केला. जनता सरकारने त्यांची इटलीतील राजदूत म्हणून निवड केली होती. १९८० साली इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर येताच ती रद्द झाली. मग १९८६ साली त्यांना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, ते आणीबाणीवरच्याच कादंबरीसाठी. हे पारितोषिक ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी परत केले, आणि या वेळी सत्तेवर दुसरा पक्ष होता. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ब्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन करण्यासाठी त्यांना बोलाविले आणि ऐन वेळी ते निमंत्रण मागे घेतले. कारण भाषेचे सांगितले गेले : लेखिका इंग्रजीत लिहिते. एक्क्याण्णव वर्षांच्या, मराठी पित्याच्या कन्येला मराठी सारस्वताच्या दारातून असे परत पाठविले गेले. त्याबद्दल अनेकांनी संताप व्यक्त केला, महामंडळाच्या अध्यक्षांनी पद सोडले, आणि उद्घाटन एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते झाले, हे आपल्या समाजाच्या पदरी जमेच्या बाजूस लिहावयाचे. तरी प्रश्न उरतोच. ज्या बाईने बहिणीच्या सत्तेला नको म्हटले तिला एका काळी एका बाजूचे लोक शत्रू समजत आणि दुसऱ्या बाजूचे डोक्यावर घेत. चाळीस वर्षांनी बाजू उलटल्या. बाईंचे म्हणणे मात्र त्याच जागी उभे होते : सत्तेने बोलणाऱ्याचे तोंड बंद करू नये. बदलत गेला तो केवळ शिक्का.

शिक्का कसा फिरतो याचे सरकारी नोकरांच्या इतिहासातले दोन दाखले आहेत. १९४९ साली रेल्वेसाठी राष्ट्रीय सुरक्षेचे नियम झाले. कम्युनिस्ट चळवळीशी संबंध या आक्षेपावरून बंगाल-नागपूर रेल्वेतील काही नोकरांना त्या नियमांखाली काढले गेले आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने बाळकोटय्या यांच्या खटल्यात ती कारवाई उचलून धरली. पुढे मध्य प्रदेशात एका शाळामास्तराची नोकरी गेली. आक्षेप उलट दिशेचा होता, की हा गृहस्थ पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघ यांच्या कार्यात भाग घेत असे. १९८३ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो शिक्का पुसला आणि केवळ पूर्वीच्या राजकीय मतांसाठी कोणाची भाकरी काढून घेता येणार नाही असे सांगितले. एकदा डावा, एकदा उजवा. ज्याला आज दुसऱ्यावर शिक्का मारण्यात आनंद वाटतो त्याने एवढे ध्यानात ठेवावे, की शिक्क्याची मूठ आज त्याच्या हातात आहे. उद्या ती कोणाच्या हातात जाईल हे त्याला ठरविता येणार नाही.

मोठ्यांच्या या गोष्टी लहान घरांनाही लागू पडतात. माझ्या अनुभवातली एक सांगतो. गाव आणि नावे सांगण्याचे कारण नाही. माझे मामा जिल्ह्याच्या राजकारणात वजनदार पदावर आहेत. गावच्या गायरानातील काही जमीन एका संस्थेला द्यावयाची ठरली होती. एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही जमलो असता मी त्यांना विचारले, "मामा, ग्रामसभेचा ठराव कोणत्या तारखेचा? हजेरीवर सह्या किती आहेत?" मामा हसले. म्हणाले, "दिल्लीचं पाणी लागलं रे तुला!" शेजारी बसलेले एक मेहुणे मात्र हसले नाहीत. असल्या विचारांच्या माणसांनीच देश मागे राहिला, हा सरळसरळ देशद्रोह आहे, असे त्यांनी चारचौघांत सुनावले. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या थांब्यावर मामांच्या विरोधी गटातले एक गृहस्थ भेटले. मी बाजूने बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांनाही तारखेविषयीच विचारले, तेव्हा तेही चिडले. "तुम्ही केंद्राचे पगारी. तुम्ही सरकारचीच री ओढणार!" अशा रीतीने एका दिवसात मी देशद्रोही झालो आणि सरकारचा हुजऱ्याही झालो. ठरावाची तारीख मला आजतागायत कळलेली नाही.

नंतर मामांनी आईकडे निरोप धाडला : "पोराला आवर. माझी अडचण होते." आईने तो निरोप मला जसाच्या तसा सांगितला आणि भाऊबीजेला नेहमीप्रमाणे भावाकडे गेली. तिने त्यांना ओवाळले, त्यांनी ओवाळणी घातली. ज्यांना वाटते की सत्तेवरच्या आप्ताला प्रश्न विचारला म्हणजे नाते तुटते, त्यांनी नात्याला फारच तकलादू समजून ठेवले आहे. मी मामांना त्यांच्या शिक्क्याने ओळखत नाही. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली आहे. म्हणूनच त्यांना कोणी चोर म्हटले तर मला पटणार नाही आणि कोणी त्यांना देश म्हटले तर तेही पटणार नाही. माणूस पुरा ठाऊक असला की त्याच्या एका निर्णयाला नको म्हणणे आणि त्याच्यावर माया करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. परक्याला हे अवघड जाते. आप्ताच्या मतभेदाची किंमत अधिक आहे ती याच कारणाने.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, घरातले घरात ठेवावे. अवश्य ठेवावे, पण जे घरातले आहे तेवढेच. मामांची प्रकृती, त्यांचे कर्ज, त्यांच्या मुलीचे लग्न ही घरातली बाब. गायरान गावाचे आहे. सव्वा कोटी विमाधारकांचे होते. सार्वजनिक वस्तूविषयीचा प्रश्न घराच्या उंबऱ्याआड दडपून ठेवणे म्हणजे सार्वजनिक वस्तूला घरचीच समजणे होय.

दुसरा आक्षेप, याने शत्रूचे फावते. शत्रूचे फावते ते चुकीने. चूक दाखविल्याने ती सुधारण्याची संधी मिळते. मुंदडा प्रकरण दडपले गेले असते तर आयुर्विमा महामंडळावरचा लोकांचा विश्वास वाढला असता काय? उघड चौकशी झाली, मंत्री गेला, आणि महामंडळ टिकले. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी त्याची पॉलिसी आहे ते मोजून पाहावे.

तिसरा आक्षेप खास आपल्यासाठी आहे : सरकारी नोकराने या वाटेला जाऊच नये. १९६४ चे वर्तणूक नियम मला पाठ आहेत. नवव्या नियमाने सरकारच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर जाहीर प्रतिकूल टीका करता येत नाही. पाचव्या नियमाने राजकीय पक्षात भाग घेता येत नाही. इतकेच नव्हे, तर विधिवत् स्थापित सरकार उलथविणाऱ्या चळवळीत कुटुंबातील कोणी पडत असेल तर त्याला परावृत्त करण्याचा यत्न करणे आणि ते न जमल्यास तसे सरकारला कळविणे हेही आपल्यावर बंधन आहे. हे नियम मी पाळतो आणि पाळावेत असे म्हणतो. परंतु त्यांचा अर्थ वाढवून घेणारे फार झाले आहेत. सरकार उलथविणे निराळे आणि ग्रामसभेच्या ठरावाची तारीख विचारणे निराळे. पक्षात शिरणे निराळे आणि आपल्या भावाला, मामाला, साडूला तोंडावर 'हे चुकले' म्हणणे निराळे. नियमाने बांधली आहे ती जाहीर टीका. जेवणाच्या पंगतीत मान डोलावीत बसण्याची सक्ती कोणत्याही नियमात नाही.

आपल्या कचेरीत तर मतभेदाला रीतसर जागा आहे. कारकून फाईलवर टिपण लिहितो. त्यात नियमाचा क्रमांक देतो, पूर्वीचा दाखला देतो, खर्च मंजूर करू नये असे सुचवितो. वरचा अधिकारी ते फेटाळू शकतो, पण खोडून टाकू शकत नाही. टिपण तसेच राहते, त्याखाली त्याचा शेरा आणि सही येते. उद्या लेखापरीक्षक आला तर दोन्ही वाचतो. त्या टिपणावर 'हा कारकून देशाचा शत्रू आहे' असा शेरा आजवर कोणा अधिकाऱ्याने लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. लिहिला असता तर तो स्वतःच अडचणीत आला असता, कारण ते टिपणाचे उत्तर होत नाही. जी शिस्त आपण दहा ते सहा पाळतो ती कचेरीचे दार ओलांडताच आपण का विसरतो?

अर्थात प्रत्येक घरचा आहेर खरा असतो असे नाही. उमेदवारी नाकारल्यावर ज्यांना काकांचा भ्रष्टाचार एकाएकी दिसू लागतो आणि महामंडळाचे अध्यक्षपद मिळताच दिसेनासा होतो, असे पुतणे आपल्या राज्यात कमी नाहीत. खऱ्या आहेराची पारख सोपी आहे. त्यात तारीख, रक्कम किंवा कागद असतो. देणाऱ्याला त्यापासून तोटा झालेला असतो. आणि राज्य बदलल्यावरही तो तोच प्रश्न नव्या राज्याला विचारतो. या पारखीला जो उतरत नाही त्याला खुशाल संधिसाधू म्हणा. देशद्रोही तेव्हाही म्हणू नका, कारण तो शब्द एका निराळ्या आणि भयंकर अपराधासाठी राखून ठेवावयाचा आहे. किरकोळ रागालोभात उधळून तो बोथट केला, तर खरोखरीचा देशद्रोह समोर येईल तेव्हा त्याला द्यावयास आपल्याजवळ नाव उरणार नाही.

घरापासून शेकडो कोस दूर बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्या वाचकांपैकी अनेकांचा एखादा आप्त कोठेतरी सरपंच, सभापती, आमदार किंवा त्याहून वरचा असेल. वर्षातून एकदा आपण गावी जातो तेव्हा त्याच्या गाडीतून फिरतो, त्याच्या ओळखीने कामे करून घेतो आणि त्याच्या गौरवाच्या गोष्टी ऐकून परततो. नोकरीत रुजू होताना आपण प्रत्येकाने शपथ घेतलेली आहे. भारताशी आणि विधिद्वारे स्थापित झालेल्या भारताच्या संविधानाशी निष्ठा राखीन, असे तीत म्हटले आहे. पक्षाचे नाव तीत नाही, मंत्र्याचे नाही, मामाचेही नाही. पुढच्या खेपेस गावी जाल तेव्हा त्या आप्तासाठी मिठाईच्या पुड्याबरोबर एक खरा प्रश्नही न्यावा, आणि उत्तरादाखल कोणी शिक्का पुढे केला तर तो न घेता तारीख पुन्हा विचारावी.